पंपावरचं कुंकू

पंप दुरुस्त झाला आणि आत्या सासरी गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजून पुढं चला. आमच्या घरात ते अजून घडलेलं नाही. बाबांना विचारलंत तर ते सांगतील, अक्का साताऱ्याला गेलीय. सांगतील असं, की जणू ती चष्म्याचा नंबर काढायला गेलीय आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येईल. याला आता बरीच वर्षं झाली. नंबर अजून निघतोय.

तर, गाडीचा पंप नादुरुस्त आहे, आत्या पाचगणीतच आहे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर मुठीएवढा एक काळा, तेलकट गोळा ठेवलेला आहे. भोवती आम्ही चौघं. बाबांनी बाह्या दुमडल्यात. आत्या शेजारी हाताची घडी घालून बसलीय. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं मला यातलं काही कळत नाही हे सगळ्यांनी आधीच धरून चाललंय.

"आणि जेवायला कुठं वाढू?" आईनं विचारलं.

"ओट्यावर," बाबा म्हणाले. "आज इथं काम आहे."

"सोमवारपर्यंत संपेल ना काम?" आत्या म्हणाली.

बाबा गोळ्याकडं पाहत राहिले.

सोमवारी आत्याचं लग्न होतं. साठीला टेकलेली, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली माझी आत्या साताऱ्याच्या ओगल्यांशी नोंदणी पद्धतीनं लग्न करणार होती. ओगले विधुर. दोघांची गाठ डोळ्यांच्या दवाखान्यात पडली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, त्यांच्या डाव्या. म्हणजे एकूण दोन डोळे शिल्लक होते आणि तेवढ्यात भागलं. बाबांनी या लग्नाला विरोध केला नाही. त्यांनी फक्त ओगल्यांचं नाव घेणं टाळलं. "ते साताऱ्याचे गृहस्थ" एवढंच म्हणायचे. आणि ज्या दिवशी आत्यानं नोटीस दिली त्याच दिवशी जेवताना म्हणाले, "मी काही तिथं येणार नाही. माझं तिथं कामच काय?"

"नको येऊस," आत्या म्हणाली. "वरण वाढ."

नोटिशीची मुदत आता संपत आली होती. सोमवार हुकला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. आणि आत्याचा हट्ट एकच होता, आप्पांच्या गाडीनं जायचं. आप्पा म्हणजे माझे आजोबा. गाडी त्यांची; स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली, बदामी रंगाची, आत बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटणारी. आप्पांच्या मागं ती आत्याच चालवायची. बाबांकडं लायसन्स होतं, पण ते त्यांनी घाटाला घाबरून कधी वापरलं नव्हतं.

"टॅक्सी करू की," आई एकदा म्हणाली होती.

"टॅक्सीनं परीक्षक येतात," आत्या म्हणाली. "मी माझ्या गाडीनं जाणार."

तेव्हापासून गाडी बंद पडायला लागली होती. थोडी चालायची, आचके द्यायची, थांबायची. आत्यानं बॉनेट उघडून वास घेतला आणि सांगितलं, पेट्रोलचा पंप. गावातल्या मेकॅनिकनं नवा पंप मिळत नाही म्हणून हात वर केले. मग आत्यानंच पुण्याहून आतल्या रबरी पडद्याचं आणि पॅकिंगचं किट मागवलं. ते बरेच दिवस बाबांच्या कपाटात पडून राहिलं, कारण बाबा म्हणाले, मी बघतो.

"मी लहानपणी आप्पांबरोबर हे काम केलंय," बाबा मला म्हणाले.

"तू बॅटरी धरायचास," आत्या म्हणाली.

"बॅटरी धरणं हे कामच आहे, अक्का."

"आहे. तीही तू इंजिनावर न धरता स्वतःच्या तोंडावर धरायचास."

पंपाचं काम मला आत्यानं त्याच रात्रीच्या जेवणाआधी समजावून सांगितलं. दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालून स्क्रूंनी आवळलेल्या. मध्ये तो पडदा. इंजिन फिरलं की एक दांडी पडदा खालीवर करते. वरच्या वाटीला दोन तोंडं. एकातून टाकीतलं पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून इंजिनाकडं जातं. प्रत्येक तोंडाशी एकेक झडप, म्हणजे पेट्रोल आलेल्या वाटेनं परत जाणार नाही.

"माणसानं असं असावं," आत्या म्हणाली.

"कसं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. उघड."

"थांबा. उघडायच्या आधी खूण करायची असते," बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे चकित झालो, कारण ते बरोबर होतं. वरची वाटी खालच्या वाटीवर कशी बसली होती ते कळायला दोन्हींच्या कडेवरून एक आडवा ओरखडा मारून ठेवायचा. जोडताना ओरखड्याला ओरखडा जुळवायचा. नाहीतर वाटी उलटीही बसते, आणि तिची तोंडं भलतीकडं होतात.

आत्यानं कानस उचलली. बाबांनी तिचा हात धरला.

"आप्पांच्या गाडीला ओरखडा?"

"बाळ, हा पंप आहे. आत असतो. कुणाला दिसणारेय?"

"आप्पांनी या गाडीवर कधी ओरखडा येऊ दिला नाही. दसऱ्याला हारसुद्धा सुतळीनं बांधायचे, तारेनं नाही."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बाळ म्हणून हाक मारली की तो बाळासारखा वागतो, हे मी तेव्हा शिकलो. बाबांनी कानस टेबलाखाली, मांडीवर लपवून ठेवली. आत्या उसासली. अंबाड्यातला आकडा काढून ती पंपाच्या दोन वाट्यांच्या सांध्यात साचलेला मळ खरवडत बसली.

तोडगा आईनं काढला. देवघरातून कुंकवाचा करंडा आणला, करंगळी पाण्यात बुडवून कुंकवात टेकवली आणि पंपाच्या दोन्ही वाट्यांवरून एक ठसठशीत लाल रेघ ओढली. मग सवयीनं वर थोडी हळदही लावली.

"झाली खूण," ती म्हणाली. "आणि शुभकार्य आहे, तेही झालं."

शुभकार्य म्हटल्यावर बाबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. पण खूण त्यांना पसंत पडली. पंप इतका सात्त्विक दिसत होता, की त्याला उघडण्याऐवजी नमस्कार करावा असं मला वाटलं.

बाबांनी स्क्रू काढले. वाट्या सुटल्या. आतला पडदा खरंच मधोमध चिरला होता. आत्या आणि आई ओट्यावर जेवायला गेल्या. मीही गेलो. परत आलो तेव्हा बाबा दोन्ही वाट्या रॉकेलच्या भांड्यात बुडवून दातांच्या ब्रशनं मन लावून घासत होते. ब्रश माझा होता.

वाट्या आरशासारख्या चकचकीत झाल्या होत्या. दोन्ही. सगळीकडून.

"बाबा," मी म्हणालो, "कुंकू कुठंय?"

बाबांनी भांड्यात पाहिलं. रॉकेल गुलाबी झालं होतं.

"घाण होती," ते म्हणाले. "निघाली."

आई कपाळाला हात लावून खाली बसली. आत्यानं वाट्या उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि परत ठेवल्या. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गणिताच्या बाईंचा चेहरा असतोच तसा. उत्तर चुकलंय हे तुम्हाला शेवटच्या ओळीपर्यंत कळू देत नाहीत.

"तुला आठवतं का कशी होती?" तिनं विचारलं.

"स्पष्ट आठवतं," बाबा म्हणाले. त्यांनी नवा पडदा घातला, वरची वाटी ठेवली, एकदा अशी फिरवली, एकदा तशी फिरवली, डोळे मिटून आप्पांचं स्मरण केलं आणि स्क्रू आवळले. "अशी."

"तुला आठवतं तसं," आत्या म्हणाली, आणि खिडकीबाहेरच्या सिल्व्हर ओककडं पाहायला लागली.

रविवारी पंप गाडीत बसवला. दोन्ही रबरी नळ्या दोन्ही तोंडांपर्यंत पोचल्या. "चुकीचं असतं तर पोचल्या असत्या का?" बाबांनी मला विचारलं. मी अभियांत्रिकीच्या वतीनं मान हलवली. आत्यानं कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतून स्टार्टर मारला आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. अंगणात उभ्या उभ्या इतकी गोड गुरगुरायला लागली, की शेजारच्या बंगल्यातून टाळ्या आल्या. बाबांनी हात करून त्या स्वीकारल्या आणि गाडी लगेच बंद करायला लावली.

"उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?" ते म्हणाले. पण खूश दिसेनात. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तोंडावर जे असायला हवं ते नव्हतं. रात्री जेवताना स्वतःहूनच म्हणाले, "घाट उतरेपर्यंत मी येतो. नवीन काम आहे, भरवसा नसतो. वाईहून एसटीनं परत येईन."

"ये," आत्या म्हणाली. "वरण वाढ."

सोमवारी सकाळी निघालो. आत्या स्टिअरिंगवर, जांभळ्या इरकलीत. बाबा तिच्या शेजारी, घरातल्या चट्ट्यापट्ट्याच्या शर्टात. परत येणाऱ्या माणसाला काय करायचेत चांगले कपडे. मागं मी आणि आई. गाडी दिमाखात बाजारातून गेली. पसरणीच्या घाटाच्या तोंडाशी आली. पहिल्या वळणावर तिनं एक छोटासा आचका दिला, आणि मग आवाज बदलला. घरघर होती, पण तिच्यात जीव नव्हता, कुणी झोपेत हूं हूं करावं तशी.

"अक्का, बघ कशी शांत चाललीय," बाबा म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली.

"आप्पांच्या वेळी एवढी शांत नव्हती."

"नव्हती."

"पंप चांगला असला की इंजिनाला कष्ट पडत नाहीत, निनाद. हे पुस्तकात नाही तुमच्या," बाबा मागं वळून मला म्हणाले.

मी पुढं वाकून पाहिलं. आत्याचा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर नव्हताच. तो नुसता ब्रेकवर होता. गाडी गिअरमध्ये होती, चाकं इंजिनाला फिरवत होती आणि उतार चाकांना. कार्ब्युरेटरमध्ये ओतलेलं पेट्रोल पहिल्या वळणावरच संपलं होतं; पेट्रोलचा यात आता काही संबंध नव्हता. आरशात आत्याची आणि माझी नजरानजर झाली. तिनं नव्यानं नीट झालेला डोळा किंचित मिटला.

सबंध घाट आम्ही असे उतरलो. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. बाबा प्रत्येक वळणावर गाडीचं कौतुक करत होते आणि आई त्यांना दुजोरा देत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते घाटात डोळे उघडे ठेवून बसले होते.

मग उतार संपला. त्याबरोबर गाडीही संपली. वाईच्या अलीकडं, एका रसवंतीच्या समोर, ती अलगद कडेला जाऊन थांबली.

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"रस पिऊन घेऊ," आई म्हणाली.

आत्यानं बॉनेट उघडलं. पदर खोचला. अंबाड्यातला आकडा काढला, बाबांना म्हणाली, "बॅटरी धर."

लख्ख ऊन होतं. बाबांनी डिकीतून बॅटरी आणली आणि धरली. आत्यानं आकड्याचं टोक वाट्यांच्या सांध्याशी, खालच्या वाटीच्या कडेला टेकवलं. तिथं एक बारीक चरा होता. मग वरच्या वाटीच्या कडेवरून टोक फिरवत नेलं. अगदी विरुद्ध बाजूला दुसरा चरा होता.

पंप उलटा बसला होता. टाकीची नळी पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या तोंडाला, इंजिनाची आत घेणाऱ्या तोंडाला, आणि दोन्ही झडपा दारं लावून बसलेल्या. आप्पांच्या गाडीला ओरखडा पडला होता, तोही पहिल्याच रात्री, सगळ्यांच्या देखत, मळ काढता काढता.

मी आत्याच्या कानाशी गेलो. "म्हणजे तुला जोडतानाच कळलं होतं."

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा बोलले असते तर पंप घरीच नीट झाला असता," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मग हा कशाला आला असता इथवर?"

बाबा बॅटरी धरून उभे होते. ऐकू गेलं असेल की नाही सांगता येत नाही, पण उजेड पंपावरून सरकून त्यांच्याच तोंडावर पडला होता.

आत्यानं नळ्यांना हात घातला. "बाळ, छोटा पान्हा."

बाबांनी खिशात हात घातला. छोटा पान्हा खिशातच होता. शिवाय स्क्रूड्रायव्हर. शिवाय किटमधलं जास्तीचं पॅकिंग, कागदात नीट गुंडाळलेलं. घाट उतरून एसटीनं परत जाणाऱ्या माणसाच्या खिशात एवढा ऐवज बघून आत्या थबकली.

"तुला माहीत होतं उलटा बसलाय ते."

"अंदाज होता," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

बाबांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. गुलाबी रॉकेल माझ्या डोळ्यांपुढं आलं. आत्या एवढंच म्हणाली, "बॅटरी नीट धर," आणि तिचा आवाज मला कधी नव्हे तो थोडा ओला वाटला.

तिनं वाटी उलट्याची सुलट केली, चऱ्याला चरा जुळवला, स्क्रू आवळले. हात पुसायला फडकं हवं होतं म्हणून मी डिकी उघडली. आत स्टेपनीवर कापडी पिशवीत घडी करून ठेवलेला बाबांचा कोट होता. लग्नामुंजीतला. इस्त्री केलेला.

"हा कुणी ठेवला?" मी विचारलं.

"तुझ्या आईनं ठेवला असेल," बाबा म्हणाले.

रसाचा ग्लास खाली ठेवून आई म्हणाली, "मी कशाला ठेवू? मला वाटलं तुम्ही इथून परत जाणार."

आत्या गाडीत बसली. स्टार्टर मारत राहिली. पंप पेट्रोल ओढत होता, आम्हाला ते दिसत नव्हतं, फक्त वाट पाहायची होती. मग इंजिनानं एकदा खाकरल्यासारखं केलं आणि धडधडत उठलं. या वेळी खरंच. रसवंतीच्या टेबलावरचे ग्लास किणकिणले.

वाईकडं जाणारा रस्ता समोर होता. पलीकडच्या बाजूला पाचगणीला जाणारी एसटी येताना दिसली. रसवंतीसमोर ती हात केला की थांबायची. आत्यानं खिडकीची काच खाली केली.

"बाळ, आता पंप नीट बसलाय," ती म्हणाली. "साताऱ्यापर्यंत जाईल ना गाडी?"

एसटी हळू झाली. ड्रायव्हरनं बाबांकडं पाहिलं. बाबांनी पंपाकडं पाहिलं. तो इतका व्यवस्थित चालत होता, की त्याच्यावर कसला आळ घेणं अवघड होतं.

"सांगता येत नाही," बाबा म्हणाले. "सोबत कुणीतरी हवं."

त्यांनी बॉनेट लावलं, कोट घातला आणि पुढं बसले. एसटी निघून गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते घडलेलं नाही. साताऱ्याच्या कार्यालयात ओगले बाहेर पायरीवरच उभे होते, हातात निशिगंधाचे दोन हार घेऊन आणि तोंडावर तारीख चुकली की काय अशी शंका घेऊन. साक्षीदार तीन लागतात. एक मी, एक ओगल्यांचे मित्र, तिसरी आई. सहीची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, माझा चष्मा घरी राहिला, मला काही दिसत नाही. चष्मा तिच्या डोक्यावर होता. विवाह अधिकाऱ्यांनाही तो दिसत होता. पण ते अनुभवी असावेत. त्यांनी बाबांकडं पेन सरकवलं आणि ओळखपत्र मागितलं. बाबांनी लायसन्स काढलं. ते त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा काळा तेलकट ठसाही उमटला, मागितला नव्हता.

"हे माझे धाकटे बंधू," आत्यानं ओगल्यांना सांगितलं. "पंप यांनीच केला."

"मी बॅटरी धरली," बाबा म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. गेली कित्येक वर्षं आत्या दर भाऊबीजेला त्याच गाडीतून घाट चढून येते. शेजारी आमचे ते साताऱ्याचे गृहस्थ. बाबा अजूनही नाव घेत नाहीत, फक्त पुढं "आमचे" लागलंय. ओवाळून होतं, जेवण होतं, आणि दुपार कलली की आत्या किल्ली उचलते. बाबा बॅटरी घेऊन बाहेर जातात. बॉनेट उघडून पंपाकडं बराच वेळ पाहतात, कान लावतात, नळ्या चाचपतात. पंप ठणठणीत. त्या दिवशी रसवंतीसमोर बहीणभावांनी तो असा काही बसवलाय, की पुन्हा म्हणून बंद पडला नाही.

"सांगता येत नाही," बाबा दर वेळी म्हणतात. "आजचा दिवस राहा. उद्या बघू."

"बाळ, तो चांगला चालतोय," आत्या म्हणते, आणि पहिल्याच झटक्यात गाडी चालू होते. फाटकाबाहेर जाईपर्यंत बाबा बॅटरीचा उजेड गाडीवर धरून उभे असतात, उन्हात.

सबब, माननीय प्रादेशिक परिवहन अधिकारी यांस नम्र विनंती, की वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार करून सदर वाहनाचा पेट्रोल पंप प्रतिवर्षी भाऊबीजेच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, आमच्या अंगणात नादुरुस्त व्हावा, त्याच्या दुरुस्तीचे काम अर्जदाराच्या वडिलांकडेच राहावे व ते काम किमान देवदिवाळीपर्यंत पूर्ण होऊ नये, असे आदेश आपल्या स्तरावरून तातडीने निर्गमित व्हावेत.